सोयरिकीची खात्री

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या बाईंना सगळी वस्ती बटनमावशी म्हणायची. धुवायला आलेल्या कपड्याचं बटन लोंबत असेल तर त्या न सांगता, न विचारता टाचून देत, म्हणून हे नाव. पाटीवर नाव मालकाचं होतं, पण गिऱ्हाईक दारातून डोकं घालून विचारायचं ते 'मावशी आहेत का?' असंच. तोंडानं फटकळ होत्या. डाग कसला हे त्यांना वासावरून कळे आणि कळलं की त्या सांगूनही टाकत, मग सोबत कोणी असो. मुलगी लहान असतानाच नवरा गेला. तेव्हापासून ह्या बाईंनी इस्त्रीच्या वाफेत उभं राहून मुलीला वाढवलं, आणि त्याबद्दल कुणापुढे रडगाणं गायलं नाही.

त्यांचा एक नियम होता. कपडा यंत्रात टाकण्याआधी खिसे उलटे करावे लागतात, आणि माणसाचा खिसा म्हणजे काय काय निघेल सांगता येत नाही. चिठ्ठ्या निघत, अंगठ्या निघत, 'ऑफिसात उशीर झाला' म्हणून घरी सांगितलेल्या संध्याकाळची सिनेमाची दोन तिकिटंही निघत. मावशी ते सगळं न वाचता, न उलगडता एका पाकिटात घालत आणि पाकीट कपड्याला टाचून देत. 'लोकांच्या खिशातलं लोकांना' असं म्हणत. ही गोष्ट चांगलीच होती, पण तिचा त्यांना तोराही होता. दुसऱ्या कुणाच्या भानगडीत नाक न खुपसणारी बाई अशी स्वतःची तसबीर त्यांनी मनात टांगून ठेवली होती.

मुलगी तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. तिचं लग्न ठरलं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. शांत, लाजरा, जिना चढून आला आणि 'लिफ्ट बंद आहे का' म्हणून थट्टा केली की कानापर्यंत लाल होणारा. त्याचे वडील शाळेची बस चालवत. आईची रोपांची छोटी विक्री होती, एका गॅरेजच्या मागच्या अंगणात. पहिल्याच भेटीत त्या मावशींना 'विहीणबाई' म्हणाल्या आणि एक कुंडी देऊन गेल्या. मावशींना मंडळी आवडली. इतकी आवडली की त्यांना जरा धास्तीच वाटली. आयुष्यभर ज्याला सुखाची सवय नसते त्याला सुख मिळालं की तो आधी त्याची शिवण तपासतो.

आणि तपासायला निमित्तही मिळालं. एक पेन्शनर गृहस्थ कोट न्यायला आले. त्यांना मुलीच्या लग्नाचं कळलं होतं. कोट हातावर घेत ते म्हणाले, "बसवाल्यांच्या घरी देताय ना मुलगी? चांगली माणसं आहेत. ते कोर्टाचं सोडलं तर."

"कोर्टाचं कसलं?"

"ते मला काय ठाऊक? मी आपला तेव्हा कामानिमित्त कोर्टात जायचो, तर हे गृहस्थ तिथे पायऱ्यांवर बसलेले असायचे. तोंड असं उतरलेलं. जाऊ दे, मला काय करायचंय!" असं म्हणून ते गेले. ज्यांना काही करायचं नसतं तीच माणसं असं सांगून जातात.

झालं. मावशींच्या डोक्यात भुंगा शिरला. बस चालवणारा माणूस कोर्टात का बसेल? अपघात झाला असेल. एखादं पोर चाकाखाली आलं असेल. किंवा पैशांची अफरातफर. किंवा दारू. त्यांनी रात्री जेवताना मुलीला आडून आडून विचारलं. मुलीचा घास हातातच राहिला.

"आई," ती म्हणाली, "तू यात पडू नकोस. त्यांच्या घरचं काय आहे, काय नाही, ते माझं मी बघेन. माझ्यावर विश्वास ठेव. एवढं एकच मागते तुझ्याकडे."

"बरं बाई, नाही पडत," मावशी म्हणाल्या. शब्द दिला त्यांनी. आणि पुढच्याच आठवड्यात मालकाला दाताचं कारण सांगून त्या कोर्टात गेल्या.

कोर्टात चौकशी कुठे करायची हेच आधी विचारावं लागतं. दरवानानं त्यांना तळघराकडे पिटाळलं. तिथे एक लांब, थंड बोळ, भिंतीला टेकवलेली बाकं, आणि शेवटी जाळीची खिडकी होती. खिडकीमागे सर्दी झालेला एक कारकून नाक पुसत बसला होता. त्याच्या पाठीमागे छतापर्यंत कपाटं आणि कपाटांत दोऱ्यांनी आवळलेले गठ्ठे.

"दिवाणी की फौजदारी?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"भांडण की गुन्हा?"

मावशींनी बोळात मागे वळून पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. "गुन्हा," त्या हळूच म्हणाल्या.

"साल?"

साल त्यांना माहीत नव्हतं. पेन्शनर गृहस्थ नोकरीत होते त्या सुमाराचं, एवढंच. अलीकडची प्रकरणं संगणकात होती, जुनी वह्यांत. एकेका सालाची एकेक वही, आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे. कारकुनानं शोधण्याचं शुल्क घेतलं आणि वह्या जाळीतून बाहेर सरकवल्या. "शोधा तुम्हीच. पानं ओली बोटं लावून उलटू नका."

मावशी बाकावर बसून त्या बसवाल्यांचं नाव गुन्हेगारांत शोधू लागल्या. चोर, मारामाऱ्या करणारे, खोट्या सह्या करणारे, दारू पिऊन गाडी हाकणारे. बोट एकेका नावावरून खाली सरकत होतं. दोन-तीन नावं त्यांच्या गिऱ्हाइकांची निघाली. त्यातल्या एकाचे शर्ट तर त्या दर आठवड्याला घडी करत होत्या. त्यांनी ती नावं वाचली. नको असून वाचली. बसवाले मात्र कुठेच नव्हते. शेवटची वही मिटल्यावर त्यांना हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटली ती निराशा. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. शहाणी बाई तिथूनच उठून घरी गेली असती.

पण त्या उठल्या नाहीत. "भांडणाच्या वह्या द्या," त्या म्हणाल्या.

दिवाणी वह्यांत नाव सापडलं. अर्जदार: मुलाचे वडील. विरुद्ध: मुलाची आई. नवरा बायकोविरुद्ध कोर्टात! पुढच्या रकान्यात प्रकार लिहिला होता, 'किरकोळ अर्ज'.

"हे किरकोळ म्हणजे काय हो?"

"ज्याला दुसऱ्या कुठल्या रकान्यात जागा मिळत नाही ते किरकोळ," कारकून शिंकून म्हणाला. "नक्कल हवी का? तुम्ही यांच्या कोण?"

"व्हायची आहे कोणीतरी."

"म्हणजे परक्या. परक्या माणसाला कारण लिहून, शपथेवर द्यावं लागतं. बाहेर टायपिंगवाला बसलाय, त्याच्याकडून करून आणा."

टायपिंगवाला झाडाखाली टेबल टाकून बसला होता. त्यानं कागद चढवला आणि विचारलं, "कारण काय घालू?"

"खासगी आहे."

"मावशी, खासगी असतं तर तुम्ही इथे कशाला आला असता?"

बाजूला उभी असलेली माणसं हसली. मावशींनी घाम पुसत काय ते सांगितलं आणि त्यानं टकाटक टाइप केलं: 'मुलीच्या होणाऱ्या सोयरिकीच्या घरची खात्री करून घेण्यासाठी'. खाली मावशींचं पूर्ण नाव, पत्ता, सही. कागदावर ते वाचताना त्यांना वाटलं, हे वाक्य कुणी मोठ्यानं वाचलं तर आपण जमिनीत जाऊ. त्यांनी कागदाची घडी घातली आणि घाईनं तळघर गाठलं.

कारकून अर्ज घेऊन काहीतरी समजावून सांगू लागला. ह्या प्रकारच्या प्रकरणात परक्यानं नक्कल मागितली तर काय करावं लागतं, कुणाला कळवावं लागतं, किती मुदत असते, असं काहीतरी. आणि नेमक्या त्याच वेळी बोळातून एक वकीलसाहेब आले. त्यांचे काळे कोट मावशींकडेच यायचे. मावशी चटकन सूचनाफलकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पण पाठीवरूनही ओळखता यावं इतक्या त्या ओळखीच्या होत्या.

"मावशी? तुम्ही इकडे कुठे?"

"तुमचं बटन," मावशींच्या तोंडून निघालं. "तुमच्या कोटाचं बटन राहिलं होतं, म्हटलं देऊन यावं."

वकिलांनी कोटाकडे पाहिलं. सगळी बटनं जागच्या जागी होती. "मग?"

"नाही ना राहिलं! दुसऱ्याचं असेल," मावशी म्हणाल्या, आणि खिडकीकडे वळून कारकुनाला, त्यानं काय सांगितलं त्यातला एक शब्दही ऐकला नसताना, "हो, हो, चालेल," असं म्हणून टाकलं. कारकुनानं शिक्का मारला. लाज लपवायच्या नादात माणूस आणखी केवढी विकत घेतो, हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर मावशी फार गोड वागू लागल्या. मुलाच्या आईनं घरचे पडदे धुवायला दिले तर ते त्यांनी स्वतःच्या हातानं धुतले, कडा पुन्हा शिवल्या. मुलगी म्हणाली, "आई, तुला त्या फारच आवडतात की!" त्यावर मावशी, "आवडणारच, सोज्ज्वळ बाई आहे," असं म्हणाल्या आणि नजर चुकवून पातेलं घासत बसल्या. कोर्टातून पत्र येईल म्हणून रोज पोस्टमनच्या आधी जिना उतरून जायच्या. पत्र काही आलं नाही. आली ती विहीणबाई.

दुपारची वेळ होती, दुकानात गर्दी नव्हती. मुलाची आई आत आली. हातात रोप नव्हतं, पिशवी नव्हती, एक सीलबंद पाकीट होतं.

"या विहीणबाई," मावशी हसून म्हणाल्या. "पडदे तयारच आहेत. बांधून देते."

"पडदे नंतर द्या, बाई."

विहीणबाई नाही. नुसतं बाई.

मुलाच्या आईनं पाकीट काउंटरवर ठेवलं. "मला कोर्टाची नोटीस आली. तुमचा अर्ज आलाय, माझी हरकत आहे का म्हणून विचारलंय. ज्याचं प्रकरण त्याला विचारतात, असा नियम आहे. सोबत तुमच्या अर्जाची प्रत होती. खात्री करून घेण्यासाठी, असं लिहिलंय." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला नक्कल मिळायला वेळ लागला असता. मला लगेच मिळते, माझंच आहे. म्हणून मीच काढून आणली. वाचा."

"नको, नको हो," मावशींचा चेहरा तापला. "मला नाही वाचायचं. चुकले मी. फार चुकले."

"वाचायचं होतं म्हणून तर शपथ घेतलीत ना? वाचा. मी इथेच उभी राहते."

एक गिऱ्हाईक आलं, पावती दाखवून सूट घेऊन गेलं. मावशींनी सूट देताना सुटे पैसे दोनदा चुकवले. मग सील फोडलं आणि, दुसरा काही इलाजच नसल्यासारख्या, त्या वाचू लागल्या.

अर्ज नवऱ्यानं केला होता. दुसऱ्या बाळंतपणात मूल दगावल्यानंतर माझी पत्नी भानावर राहिलेली नाही. ती घरातल्या वस्तू रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटून टाकते. तिला मोठा मुलगा ओळखता येत नाही. परका मुलगा घरात शिरला म्हणून तिनं त्याला थंडीत जिन्यावर ठेवून दार लावून घेतलं. एकदा सुरी घेऊन दाराशी बसली होती, तो आत येऊ नये म्हणून. तिच्या वतीनं सह्या करण्याची, तिची व्यवस्था बघण्याची परवानगी मला द्यावी. सोबत डॉक्टरचं पत्र. शेजारणीची साक्ष. कोर्टाचा हुकूम.

मावशींनी कागद खाली ठेवला.

"शेवटची दोन पानंही वाचा," मुलाची आई म्हणाली. "लोक पुढची वाचतच नाहीत."

शेवटच्या दोन पानांत दुसरा अर्ज होता, बऱ्याच वर्षांनंतरचा. तो बाईंनी स्वतः केला होता. मी बरी झाले आहे, माझे व्यवहार मला करू द्यावेत. पुन्हा डॉक्टर, पुन्हा साक्षी. साक्षीदारांत मुलाचं नाव होतं. तेव्हा तो शाळेत असणार. आणि खाली हुकूम, अर्ज मंजूर.

"झालं वाचून?"

मावशींनी मान हलवली. डोळे पुसायला हातात काही नव्हतं, त्यांनी बाही लावली.

"मग सांगा. लग्न होऊ द्यायचं का?"

"असं काय विचारता! होऊ दे की. हजारदा होऊ दे. तुमच्यासारख्या घरी मुलगी जाणं म्हणजे..." मावशी भडाभडा बोलत सुटल्या. बोलता बोलता त्यांनी पडद्यांचा गठ्ठा पुढे ओढला, कागदात गुंडाळला, सुतळी आवळली. घाईत गाठ काही नीट बसेना. "थांबा, मी करते," असं म्हणून मुलाच्या आईनं सुतळी कापायला काउंटरवरची कात्री उचलली.

मावशींचा हात मागे गेला.

त्यांनी नेला नव्हता. आपोआप गेला, चटका बसावा तसा, छातीशी. हातभर लांब ती मोठी कापडाची कात्री, आणि ती धरलेली ती बाई. दोघींनी तो हात पाहिला. मुलाच्या आईनं सुतळी कापली, कात्री हळूच खाली ठेवली, मूठ मावशींकडे करून.

"तुमच्या मुलीला हे सगळं ठाऊक आहे," ती म्हणाली. "लग्नाचं बोलणं निघायच्याही आधी मी तिला सांगितलं. तुम्हालाही सांगणार होते. तीच म्हणाली, आईला एवढ्यात सांगू नका." तिनं गठ्ठा उचलला. "कागद राहू द्या तुमच्याकडे. अर्ज केलात ना? आणि मुलीला आज तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर चहाडी केल्यासारखं होईल."

त्या दिवशी मावशींनी दुकान लवकर बंद केलं. मालक काय म्हणेल याचा विचारही मनात आला नाही. घरी येऊन दिवा न लावता बसून राहिल्या. त्यांना वाटत होतं, कुणीतरी आपल्याला बोलावं, फाडफाड बोलावं, म्हणजे बरं वाटेल. पण शेजारी टीव्ही चालू होता आणि खालच्या मजल्यावर कुणी भिंतीला खिळा ठोकत होतं, बाकी काही नाही.

मुलगी आली ती ओल्या केसांनी, तलावाच्या औषधाचा वास घेऊन. दिवा लावला तर समोर आई आणि टेबलावर तो कागदांचा जुडगा. मावशींनी सगळं सांगितलं. पेन्शनर गृहस्थ, दाताचं खोटं कारण, वह्या, टायपिंगवाला, अर्जातलं ते वाक्य. काही झाकलं नाही. मुलगी उभीच होती.

"तू शब्द दिला होतास," ती म्हणाली.

"हो."

"वाचलंस सगळं?"

"त्यांनी वाचायला लावलं."

"मी नाही वाचलेलं," मुलगी म्हणाली. कागदांना तिनं हातही लावला नाही. "त्यांनी मलाही पुढे केलं होतं. मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत तेवढं पुरे आहे. ते त्यांचं आहे, आई. त्यांचं आणि त्याचं. तो जिन्यावर बसला होता ते."

मावशींना रडू आवरेना. "पण मला का नाही सांगितलंस गं? मी काय परकी होते? मी काय गावभर करत फिरले असते?"

मुलगी पहिल्यांदाच खाली बसली. तिचा आवाज आता रागाचा नव्हता, त्यामुळे जास्त लागला.

"तू कुणाला सांगितलं नसतंस. मला माहीत आहे. पण तू बघितलं असतंस. त्या आपल्याकडे आल्या, फळ कापायला सुरी घेतली, की तू बघितलं असतंस त्यांच्याकडे. एकच क्षण. आणि त्यांना ते कळलं असतं. त्यांना सगळं कळतं गं, लोकांनी बघितलेलं. मला तेवढंच वाचवायचं होतं."

मावशींच्या ओठांवर आलं होतं, छे गं, मी कशाला बघेन, तू आईला ओळखलंच नाहीस. आयुष्यभर त्यांना असलं उत्तर कधी कमी पडलं नव्हतं. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, तो मांडीवर पडला होता.

"बघितलं मी," त्या म्हणाल्या. "आज दुपारीच. आणि मी बघताना त्यांनी मला बघितलं."